दारावर डकवलेलं समन्स

“मग दारावर डकवलं की पोचलंच ना, बाबा?”

आत्माराम लोखंडे यांनी हा प्रश्न दुसऱ्यांदा विचारला होता.

दयागिरी बाबा भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. दाणे सुपात पडत होते, टरफलं जमिनीवर. त्यांनी मान वर केली नाही.

लोखंडे तालुक्याच्या दिवाणी कोर्टात बेलीफ होते. कोर्टातून निघालेलं समन्स ज्याच्या नावाचं असेल त्याच्या हातात द्यायचं, त्याची सही नाहीतर अंगठा घ्यायचा आणि तसा अहवाल कोर्टाला द्यायचा, हे त्यांचं काम. माणूस मिळाला नाही, किंवा त्याने कागद घ्यायला नकार दिला, तर दोन पंचांसमक्ष त्याच्या घराच्या दारावर समन्स डकवायचं. कायद्यात तशी सोय आहे.

इतर बेलिफांची समन्सं कधी ना कधी परत येत. पत्ता अपुरा, इसम परगावी, असे शेरे मारून. लोखंडे यांचं एकही परत येत नसे. वरिष्ठांनी याची दखल घेतली होती आणि येत्या महिन्यात जिल्ह्याच्या ठिकाणी त्यांचा सत्कार ठरला होता. त्याचे पेढे घेऊन ते टेकडी चढून मठात आले होते. बऱ्याच वर्षांचं त्यांचं येणं-जाणं होतं. बाबांना ते गुरू मानत.

पेढे मठात स्वयंपाक करणाऱ्या भागूआत्यांनी आत नेले होते. बाबांनी सत्काराबद्दल काही विचारलं नव्हतं. एवढंच विचारलं होतं, की शेवटचं समन्स कुणाचं होतं.

ते लखू गोरडचं होतं. गोरडवस्तीवरचा धनगर. त्याच्या चुलत भावाने, तायाप्पाने, दावा लावला होता. लखू राहतो ते घर आणि त्याला लागून असलेली मेंढरं कोंडायच्या जाळीची, म्हणजे वाघरीची जागा, दोन्ही आपल्या वाटणीची आहेत, लखूला तिथून काढावं, असं त्याचं म्हणणं. तारीख पुढच्या सोमवारची होती. लखू हजर झाला नाही तर कोर्ट एकट्या तायाप्पाचं ऐकून घेणार होतं.

“घराला कुलूप होतं,” लोखंडे म्हणाले. “रीतसर डकवलं. खळ चांगली घट्ट होती. वाऱ्याने सुटायचं नाही.”

बाबांनी एक शेंग फोडली. आत दाणा नव्हता. त्यांनी ती टाकून दिली.

“शोध घेतलास?”

“घेतला.”

“कुठं?”

“दारात.”

...

“दिवाळीनंतर लखू घरी असतो?”

“धनगर तो, बाबा. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघतात, पावसाळ्याच्या तोंडाला परततात. हे काय कुणाला सांगायला पाहिजे?”

“म्हणजे तुला माहीत होतं.”

लोखंडे हसले. मग आपण का हसलो ते त्यांना कळेना. ते म्हणाले, की माहीत असणं वेगळं आणि काम वेगळं. समन्सावर पत्ता गोरडवस्तीचा होता, ते गोरडवस्तीला गेले. दावा लावणारा जो पत्ता देतो तिथंच बेलिफाने जायचं असतं. माणसांच्या मागे रानोमाळ हिंडत बसलं तर कोर्टात एकही तारीख लागायची नाही.

“बरोबर आहे,” बाबा म्हणाले.

लोखंड्यांना बरं वाटलं.

भागूआत्या दारात आल्या आणि पानं वाढू का, म्हणून विचारू लागल्या. ऊन डोक्यावर आलं होतं. टेकडी चढून लोखंड्यांना भूक लागली होती आणि आतून हुलग्याच्या माडग्याचा वास येत होता.

“लोखंड्यांचं ताट आण,” बाबा म्हणाले.

आत्यांनी ताट आणलं. दोन भाकरी, वाटीत माडगं, कांदा, वर पेढा.

बाबांनी ते आपल्या हातात घेतलं आणि उठले. मठाच्या टोकाला पाहुण्यांची एक खोली होती. मुक्कामाला आले की लोखंडे तिथंच उतरत. आज तिला कुलूप होतं. बाबांनी ताट त्या खोलीच्या उंबऱ्यासमोर ठेवलं, कडी वाजवली, थोडं थांबले.

“आत्या, बघितलंस ना? लोखंडे मिळून आले नाहीत.”

भागूआत्यांनी एकदा बाबांकडे बघितलं, एकदा समोर बसलेल्या लोखंड्यांकडे.

“न्हाई बा,” त्या म्हणाल्या. “दुसरा पंच कोन?”

“तो कावळा चालंल.”

कावळा खरंच कौलावर येऊन बसला होता. आत्यांना हसू आवरेना, त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या. बाबा परत आले, सूप पुढे ओढलं आणि शेंगा फोडू लागले.

“जेवण पोचलं तुझं,” ते म्हणाले.

लोखंडे चांगले हुशार होते. त्यांना खेळ लगेच कळला आणि त्यावरचं उत्तरही सुचलं. ते उठले, खोलीपर्यंत गेले, ताट उचललं आणि ते घेऊन बाबांसमोर येऊन उभे राहिले.

“हे बघा. मी गेलो आणि घेतलं. डकवण्याचा अर्थच हा आहे, बाबा. ज्याचं आहे त्याने येऊन घ्यावं. लखूनेही यावं, वाचावं. कुणी अडवलंय?”

“तू ठेवताना बघितलंस,” बाबा म्हणाले.

...

लोखंडे ताट हातात धरून उभे होते. भाकरीची वाफ त्यांच्या तोंडावर येत होती. त्यांनी घास मोडला, पण तो तोंडापर्यंत गेला नाही. ताट खाली ठेवून त्यांनी पिशवी उचलली आणि ते टेकडी उतरू लागले.

बाबांनी त्यांना थांबवलं नाही.

*

ते थेट गोरडवस्तीला गेले. दारावरचं समन्स जागच्या जागी होतं. शेजारच्या पडवीत पंचांपैकी एकजण दोर वळत बसला होता. लोखंड्यांनी त्याला विचारलं, लखूची मेंढरं सध्या कुठं आहेत.

त्या भागात शेतकरी धनगरांना आपल्या रानात मेंढरं बसवायला बोलावतात. रात्रभर मेंढरं बसली की रानाला खत मिळतं. त्यामुळे कुणाचा कळप कुणाच्या रानात आहे, पुढचं बोलावणं कुणाचं आहे, हे सगळ्या वस्तीला तोंडपाठ असतं.

“मागल्या आठवड्यात माझ्याच रानात बसली हुती की,” पंच म्हणाला. “आता खिंडीपल्याड ग्येलीत. डाळिंबाची बाग हाय बघा, तितं.”

लोखंडे त्याच्याकडे बघत राहिले. याच माणसाने त्यांच्यासमोर सही केली होती, की लखू गोरड मिळून आला नाही.

“मग त्या दिवशी का नाही सांगितलं?”

“तुमी कुटं इचारलं?” पंच म्हणाला. त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. “तुमी म्हनला, लखूचं दार दाखवा. आमी दार दाखवलं.”

दुसऱ्या दिवशी लोखंड्यांनी अहवाल दाखल केला नाही. ते नाझरांकडे गेले. नाझर म्हणजे कोर्टातल्या सगळ्या बेलिफांवरचे अधिकारी. लोखंड्यांनी त्यांच्याकडे समन्सची आणखी एक प्रत मागितली. नाझरांनी चष्मा वर केला. डकवलंय ते पुरेसं आहे, वकिलांची काही तक्रार नाही, मग हा उपद्व्याप कशाला, असं त्यांनी विचारलं. सत्काराच्या तोंडावर डोकं ठिकाणावर ठेवा, असंही ते म्हणाले. पण प्रत दिली.

शनिवारी लोखंडे खिंड ओलांडून गेले.

लखूचा वाडा, म्हणजे रानातला तळ, दुरूनच दिसला. घोड्यावर लादायचं सामान उतरवलेलं, कोकरांना जाळीचं कुंपण, तीन दगडांची चूल. कळप ओढ्याच्या कडेला चरत होता आणि घोंगडी पांघरलेला एक माणूस काठीवर हनुवटी टेकून उभा होता.

लोखंड्यांनी पिशवीतून कागद काढला, घसा साफ केला आणि कोर्टाच्या व्हरांड्यात पुकारतात तसं पूर्ण नाव पुकारलं. लखू बिरू गोरड, राहणार गोरडवस्ती.

त्या माणसाने वळून बघितलं. हातातला कागद बघितला. मग घोंगडी टाकली आणि तो ओढा ओलांडून पलीकडच्या करवंदीच्या जाळ्यांत नाहीसा झाला.

कुत्री भुंकू लागली.

चुलीजवळ लखूची बायको होती, ठकूबाई. तिने लोखंड्यांना एवढंच सांगितलं, की असा कुणी माणूस इथं नाही. मग ती त्यांच्याकडे पाठ करून भाकऱ्या थापू लागली.

दोन पंचांच्या सह्या घेऊन परत जाता आलं असतं. माणूस पळाला, म्हणजे त्याने कागद घ्यायला नकार दिला, असं धरता येत होतं. नवा अहवाल जुन्यापेक्षाही भक्कम झाला असता.

लोखंड्यांनी कागद पिशवीत ठेवला. पिशवी बाजूला ठेवली. चपला काढून ते कोकरांच्या कुंपणाशेजारी मातीत बसले.

दुपार गेली. ठकूबाईने एकदा मागे बघितलं. थोड्या वेळाने पुन्हा बघितलं. मग तिने त्यांच्यासमोर पितळीत दूध ठेवलं.

“वहिनी, मी न्यायला नाही आलो त्यांना,” लोखंडे म्हणाले. “घराबद्दल सांगायला आलोय.”

“कुनाच्या घराबद्दल?”

“तुमच्या.”

ठकूबाई उठली. तिने ओढ्याकडे तोंड करून एक हाक मारली. लांब, चढत जाणारी, शब्द नसलेली.

उन्हं कलताना लखू आला. काठी हातात, दोन्ही बाजूंना कुत्री. तो लांबच उभा राहिला.

लोखंड्यांनी त्याला बसल्या जागेवरून सगळं सांगितलं. तायाप्पाने काय मागितलंय, तारीख केव्हा आहे, कोर्ट कुठं आहे. सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, तू पळालास का.

लखू उकिडवा बसला. मातीत काठीने रेघ ओढली.

“माज्या बाला न्हेलं हुतं,” तो म्हणाला. “जंगलात मेंढरं चारली म्हनून. असाच रानात हुता वाडा. पोलीस आलं आन् बेड्या घातल्या. बा म्हनला, मला कुनी बोलवलंच न्हाई. ते म्हनलं, बोलवलं हुतं. तुज्या दाराला लावलं हुतं.”

...

“साहेब, दाराला कोन असतं?”

लोखंड्यांनी पिशवीतून कागद पुन्हा काढला. ते म्हणाले, “समन्स म्हणजे ‘या’. वॉरंट म्हणजे ‘आणा’. तुझ्या वडलांच्या वेळी ‘या’ पोचलं नाही, म्हणून ‘आणा’ आलं. हे समन्स आहे, लखू. यात तुला पकडायचं कुठंच लिहिलेलं नाही. तुझं काय म्हणणं आहे ते ऐकायचंय, म्हणून बोलावलंय.”

“माजं?”

“तुझं.”

लखूने ठकूबाईकडे बघितलं. कुणीतरी आपली थट्टा करतंय का, असा त्याचा चेहरा झाला होता.

त्याने अंगठा दिला. पण येतो असं म्हणाला नाही. मेंढरं कुणावर टाकू, एवढंच तो विचारत राहिला.

*

रविवारी लोखंडे पुन्हा टेकडी चढले.

बाबा झाडाच्या आळ्यात पाणी घालत होते. लोखंड्यांनी सगळं सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज मठात येतानाच्या नेहमीच्या आवाजासारखा नव्हता.

“मी घोटाळा केला, बाबा.”

बाबांनी घागर खाली ठेवली.

“दारावर डकवलेलं तसंच राहू दिलं असतं,” लोखंडे म्हणाले, “तर उद्या एकतर्फी निकाल लागला तरी लखूला नंतर कोर्टात सांगता आलं असतं, मला कळलंच नाही. मी रानात होतो. अशा वेळी निकाल रद्द करून दावा पुन्हा उघडतात. ती एक फट शिल्लक होती. आता त्याच्या हातात दिलंय, अंगठा आहे, मी स्वतः शपथेवर सांगणार की त्याला समजावून दिलं. तो आला नाही तर ती फट बंद. घर गेलंच. आणि ते माझ्यामुळे.”

“हो,” बाबा म्हणाले.

लोखंड्यांना वाटलं होतं, ते नाही म्हणतील.

“रात्री झोप लागली नाही.”

“आजही नाही लागायची.”

“मग मी करू काय?”

बाबांनी घागर उचलली, उरलेलं पाणी मुळाशी ओतलं आणि माती पाणी पिते ते बघत राहिले.

“त्याच्या बापाचं समन्स ज्याने लावलं,” ते म्हणाले, “तो गाढ झोपला होता.”

*

सोमवारी लखू कुठं दिसला नाही.

लोखंडे कोर्ट उघडायच्या आधीपासून व्हरांड्यात उभे होते. बाकांवर माणसं दाटीवाटीने बसली होती, त्यांत धनगरी पागोटं एकच होतं आणि ते तायाप्पाचं होतं. तायाप्पा वकिलाशेजारी बसला होता आणि पुन्हा पुन्हा रस्त्याकडे बघत होता.

प्रकरण निघालं. शिपायाने दारात येऊन पुकारा केला. हे काम वर्षानुवर्षं करून त्याचा आवाज इतका गुळगुळीत झाला होता, की नाव कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं ते जवळच्यालाही कळत नसे. तो एकदा पुकारून आत गेला. पुन्हा येऊन पुकारलं.

तायाप्पाचे वकील उभे राहिले. प्रतिवादीला समन्स समक्ष मिळालेलं आहे, अंगठा आहे, बेलिफाचं शपथपत्र आहे, तरीही तो गैरहजर आहे, तेव्हा दावा एकतर्फी चालवावा, अशी त्यांनी विनंती केली. ते शपथपत्र लोखंड्यांचंच होतं.

न्यायाधीश बाईंनी कागद बघितले. त्यांनी शिपायाला तिसऱ्यांदा पुकारायला सांगितलं आणि पेन उचललं.

शिपाई दारापर्यंत येण्याआधी लोखंडे व्हरांड्याच्या पायऱ्यांवर गेले होते. त्यांनी दोन्ही हात तोंडाभोवती धरले. पूर्ण नाव घेतलं नाही, बापाचं नाव घेतलं नाही, राहणार कुठला तेही नाही. खिंडीपलीकडे ठकूबाईने मारली होती, तशी लांब, चढत जाणारी हाक मारली. शेवटी फक्त “लखूऽऽ” एवढं.

आत कोर्टात सगळ्यांनी माना वळवल्या. टायपिंगचा आवाजही थांबला.

...

“ओऽऽ”

उत्तर फाटकाबाहेरून आलं. चिंचेखालून. मेंढरं ठकूबाईवर टाकून लखू पहाटेपासून तिथं बसून होता. पक्षकाराने आत यायचं असतं, व्हरांड्यात थांबायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. लोखंड्यांनीही नाही. बोलावतील तेव्हा जायचं, असं त्याने धरलं होतं आणि बोलावण्याची वाट बघत तो उन्हाबरोबर सावलीतून सरकत बसला होता. शिपायाचे दोन्ही पुकारे फाटकापर्यंत पोचलेच नव्हते.

तो पळत आला. पायऱ्यांशी त्याने वहाणा काढल्या. काठी कुठं ठेवायची ते कळेना, म्हणून ती लोखंड्यांच्या हातात दिली.

“लोखंडे,” न्यायाधीश बाई आतून म्हणाल्या, “हे कोर्ट आहे.”

“होय, मॅडम.”

“प्रतिवादी आले का?”

“आले, मॅडम.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. कोपऱ्यात कुणीतरी हसलं आणि मग बरेच जण हसले. बाईंनी सगळ्यांकडे एकदा बघितलं, तेव्हा हसणं थांबलं, पण त्यांच्याही चेहऱ्यावर ते थोडं राहिलं होतं.

त्यांनी लखूला विचारलं, तुम्हाला काय सांगायचंय. लखूने हात जोडले. त्याने सांगितलं, की ते घर त्याच्या बापाने आणि तायाप्पाच्या बापाने मिळून बांधलं होतं. दगड दोघांनी आणले होते. वाटणी झाली तेव्हा तो लहान होता, मोठ्यांनी काय बोलून ठेवलं ते त्याला माहीत नाही. पण पावसाळ्यात मेंढरांना उभं राहायला दुसरी जागा नाही. एवढं सांगून तो थांबला. बाई लिहून घेत होत्या. त्या लिहीत आहेत हे पाहून त्याने विचारलं, हे माझंच लिहिताय ना. त्यांनी हो म्हटलं.

पुढची तारीख पडली. वकील लावायची ऐपत नाही म्हणून विधी सेवा समितीकडून त्याला फुकट वकील मिळेल, असं बाईंनी सांगितलं. दोघा भावांनी एकदा समोरासमोर बसून बोलून बघावं, असंही सुचवलं. तायाप्पाच्या वकिलांनी मान हलवली, म्हणजे नक्की काय ते कळलं नाही.

बाहेर आल्यावर लखू कुठं बसावं म्हणून इकडेतिकडे बघत होता. बाकावर तायाप्पा होता. तो रस्त्याकडे बघत बघतच थोडा बाजूला सरकला.

लखू बसला.

*

“घर त्याला मिळेल की नाही, अजून सांगता येत नाही,” लोखंडे मठात म्हणाले.

“ऐकलं ना त्याचं?”

“ऐकलं.”

बाबा ओट्यावर घोंगडीला ठिगळ लावत होते. लोखंडे त्यांच्यासमोर बसले होते, पण टेकून नाही. सत्काराचं नाझरांनी कळवलं होतं, तारीख पुढे गेली होती, आणि ते सांगायचंही त्यांच्या मनात आलं नव्हतं. मनात दुसरंच होतं. परवापासून ते जिथून जात होते तिथं त्यांना दारं दिसत होती. ओळखीची. कुठं कडीखाली, कुठं चौकटीवर, कुठं फळीच्या मधोमध त्यांच्या हातच्या खळीचे पांढरट डाग होते. काही घरांत अजून तीच माणसं राहत होती. काही ठिकाणी तीच असतील की नाही, त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

त्यांनी हे बाबांना सांगितलं. हळूहळू, मध्ये थांबत.

“सुटीच्या दिवशी एकेका ठिकाणी जावं म्हणतो,” ते म्हणाले. “कुणाचा निकाल एकतर्फी लागला असेल, कुणाला अजून काही करता येत असेल. तेवढं तरी सांगता येईल.”

बाबांनी दोरा ओढला.

“पण बाबा, इतक्या वर्षांनी त्यांच्यासमोर उभं राहायचं... मी कोण, का आलोय, तेव्हा का नाही आलो. काय सांगू त्यांना?”

बाबांनी दोरा दाताने तोडला, सुई घोंगडीतच खोचून ठेवली.

“आधी दार तर उघडू दे.”